काकांच्या हातातला प्लग

माझ्या आत्याला तिच्या कामाच्या ठिकाणी सगळे ‘प्लगबाई’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. ती एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात पातळ जेवणाच्या ओट्यावर उभी असायची. ज्यांना चावता येत नाही, ज्यांना गिळताना ठसका लागतो, अशा म्हाताऱ्या माणसांचं जेवण तिच्या हातचं. भात, डाळ, गाजर, बटाटा, जे बाकीच्यांच्या ताटात तेच यांच्याही ताटात, फक्त वाटून मऊसूत केलेलं. सगळं एकत्र करून लगदा वाढणं तिला अजिबात चालायचं नाही. गाजर गाजरासारखं दिसलं पाहिजे, पालक पालकासारखा. “दात गेलेत त्यांचे, डोळे नाही गेले,” असं ती नव्या बायकांना सुनवायची.

त्या ओट्यावर दोन यंत्रं होती. एक उंच मिक्सर आणि एक बसकं, रुंद तोंडाचं चॉपर. भांड्यात हात घालायची वेळ आली, कडेला चिकटलेलं खाली ओढायला म्हणा किंवा पातं उचलायला म्हणा, की आत्या आधी बटण बंद करायची, मग भिंतीतला प्लग उपसायची आणि तो आपल्या ॲप्रनच्या खिशात घालायची. झाकण त्यानंतर उघडायचं, आणि तेही पातं थांबल्याचं डोळ्यांनी बघून. आवाज थांबला म्हणजे पातं थांबलं, हे तिला मान्य नव्हतं. काम झालं की प्लग खिशातून बाहेर, झाकण दाबून बघायचं, मग प्लग भिंतीत. असं दिवसातून किती वेळा होत असेल ते देव जाणे. मी लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेले की एका कोपऱ्यात बसून हे सगळं बघायची. काळी वायर खिशातून यंत्रापर्यंत गेलेली आणि मध्ये आत्या, वाकून भांड्याची कड पुसत असलेली.

“बाई, बटण बंद आहे की हो,” कुणी ना कुणी वैतागून म्हणायचंच.

“बटणाचं काय घेऊन बसलीस? बटण कुणीही दाबतं. माझ्या खिशातलं कोण दाबणार?”

तिचे बाकीचेही कायदे होते आणि त्यातल्या एकातही सूट नव्हती. गरम डाळ घातली तर भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, कारण आतली वाफ झाकण उडवते आणि उकळती डाळ सरळ तोंडावर येते. पहिला फिरका देताना झाकणावर जाड फडकं आणि फडक्यावर हात. यंत्र चालू असताना आत चमचा खुपसायचा नाही. चॉपरमधलं चिरलेलं ओतायच्या आधी पातं त्याच्या मधल्या दांड्याला धरून काढायचं, नाहीतर भांडं उलटं केलं की तेच आधी हातावर पडतं. आणि धुवायचं पातं फेसाच्या पाण्यात टाकून जायचं नाही. एकदा एका नव्या बाईनं टाकलं, तर आत्यानं तिला सगळ्यांदेखत अशी झाडली की ती बिचारी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. “फेसाखाली काय आहे ते तुला माहितीय. भांडी घासायला येईल तिला माहितीय का?” एवढंच विचारलं होतं, पण आत्याचं विचारणं म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव अर्धा व्हायचा.

हे वेड तिला उगीच लागलेलं नव्हतं. तिच्या उमेदीच्या काळात त्याच स्वयंपाकघरात भाज्या निवडणारी एक चष्मेवाली बाई होती, आत्याची जिवाभावाची मैत्रीण. दोघींचं सगळं सोबत. डबा सोबत, सुट्टी सोबत, वरच्यांच्या नावानं बोटं मोडणंही सोबत. एका दुपारी चष्मेवाली चॉपरच्या भांड्यात हात घालून पात्याखाली अडकलेला गाजराचा तुकडा काढत होती. यंत्र बटणावर बंद केलेलं होतं, प्लग भिंतीतच. स्वयंपाकघरात वाफ कोंडलेली. घामानं चष्मा घसरायला लागला तशी ती आत्याला म्हणाली, “अगं, तो पंखा लाव ना जरा.” आत्या बोर्डाजवळच उभी होती. तिनं हात मागे केला आणि बघायच्या आधीच बटण दाबलं. बोर्डावर पंख्याचं आणि चॉपरचं बटण शेजारीशेजारी होतं.

चष्मेवालीची दोन बोटं गेली. ती वाचली, घरी गेली, पुढे तिला मुलांच्या कपड्यांच्या दुकानात काम मिळालं. आत्यावर तिनं कधीही राग धरला नाही. उलट, “मीच सांगितलं होतं तिला, तिची काय चूक,” असं येईल त्याला सांगायची. आत्यानं मात्र स्वतःला ती सवलत दिली नाही. बटण मी दाबलं, हे ती लपवायची नाही आणि त्यावर रडायचीही नाही. फक्त त्या दिवसापासून प्लग खिशात गेला तो गेला. हे मला माझ्या आईनं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, आत्याला प्लगबाई म्हणून कधी चिडवू नकोस. मी त्याआधी चिडवलेलं होतं. त्यानंतर नाही.

आता काकांबद्दल सांगते. आत्याचे यजमान, आमचे काका, बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. आवाज असा की भोंग्याची गरजच काय, असं लोक म्हणायचे. घरीही तोच सूर. “जेवणाची वेळ झालेली आहे, सर्व प्रवाशांनी आपापल्या ताटावर यावं,” असं ओरडून आम्हा मुलांना बोलवायचे आणि आत्या आतून म्हणायची, “झालं का तुमचं? गाडी फलाटाला लागली असेल तर हात धुवा.” खाण्याचे भारी शौकीन. त्यातही कुरकुरीत खाण्याचे. भाजलेले शेंगदाणे, कडक पाव, करपायला आलेले बटाट्याचे काप. ज्या बाईचा जन्म मऊ जेवण करण्यात गेला तिच्या नवऱ्याला कडक खाणं प्रिय, यावर घरात रोज एक विनोद तरी व्हायचाच.

काकांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते नोकरीतून मोकळे होऊन फार दिवस झाले नव्हते. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात चालत होता, डोळे चालत होते, समजत सगळं होतं. पण तो आवाज गेला. सगळ्यात वाईट म्हणजे घसा नीट मिटेना. पाणी प्यायला गेले तरी ठसका. गिळायचे व्यायाम शिकवणारी एक बाई दवाखान्यातून घरी यायची, तिनं बजावून सांगितलं, की अन्न अगदी मऊ, एकही गुठळी नको, चमचा तिरका केला की एका गोळ्यानं घसरावं, पाण्यासारखं पळू नये. आत्या मान डोलावत ऐकत होती. मला आतल्या आत हसू आलं, कारण हे सगळं त्या बाईच्या जन्माआधीपासून आत्या करत होती. मनात म्हटलं, काकांचं बाकी काहीही होवो, जेवणाची चिंता नाही.

तिथंच घोडं अडलं. पहिले काही दिवस काका जेवले आणि मग तोंड मिटून बसायला लागले. चमचा ओठाशी आला की मान भिंतीकडे. आत्यानं गोड बोलून पाहिलं, थट्टा करून पाहिलं, रागावून पाहिलं. “अहो, आश्रमातले लोक माझ्या हातचं मिटक्या मारत खातात, आणि तुम्हाला काय धाड भरलीय?” काका डाव्या हातानं चमचा दूर करायचे. हळूच करायचे, पण करायचे. अंगावरचं मांस उतरायला लागलं. सदरा खांद्यावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी तपासून स्पष्टच सांगितलं, की असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या अंगानं ते कितपत सोसतील हे सांगता येत नाही.

त्या दिवशी आत्या दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “मरायचं ठरवलंय त्यांनी. कुरकुरीत मिळत नाही म्हणून.” तिच्या आवाजात इतका राग होता की मला तिचा राग आला. तो राग तिच्या दुखण्यातून येत होता, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी म्हटलं, “आत्या, रुसायला ते काय लहान मूल आहेत?” ती म्हणाली, “आहेत. पहिल्यापासून आहेत.” आणि उठून रिक्षा शोधायला लागली.

मी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. सुट्टीच्या दिवशी सकाळी जाऊन काकांची दाढी करून द्यायची, हे मी माझ्याकडे घेतलं होतं. आत्याचं स्वयंपाकघर अरुंद, एकामागे एक उभं राहावं असं. विजेचा बोर्ड दाराशी. काकांची चाकाची खुर्ची तिनं त्या दारातच लावून ठेवलेली, म्हणजे काम करता करता नजर राहते. बोर्डाखालच्या लहान टेबलावर घरचा छोटा मिक्सर, चॉपरचं भांडं बसवता येईल असा. एका माणसापुरतं वाटायचं म्हणजे फार कटकटीचं. भांड्यात जिन्नस थोडा, तो सारखा कडेला उडून चिकटतो, पातं नुसतंच गरगरतं. थांबवायचं, प्लग काढायचा, कडेचं खाली ओढायचं, पुन्हा झाकण, पुन्हा प्लग. घरी ॲप्रन नव्हता आणि खिसाही. आत्या प्लग काखेत धरायची, तो घसरायचा, मग चरफडायची.

असाच एकदा तो घसरून खाली पडला. आत्यानं उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि समोर बसलेल्या काकांच्या डाव्या हातात ठेवला. “धरा हो जरा. बसल्या बसल्या तेवढंच काम.”

मी काकांच्या गालाला साबण लावत होते. त्यांनी प्लगकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. हसले नाहीत, पण मूठ मिटली. आत्यानं भांड्याची कड पुसून घेतली, झाकण लावलं, हात पुढे केला, आणि काकांनी प्लग तिच्या हातात दिला. पुन्हा थांबली, प्लग उपसला, पुन्हा काकांच्या हातात. दोन-तीनदा असं झाल्यावर काकांनी काय केलं, तर वायरीचा एक वेढा तळव्याभोवती घेतला. निसटू नये म्हणून. बसस्टँडवर ध्वनिक्षेपकाची वायर ते अशीच धरायचे, हे मी लहानपणी पाहिलेलं होतं. माझ्या हातातला वस्तरा तसाच राहिला.

त्या झटक्यापासून कुणी त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं. सगळे द्यायचेच. औषध, पाणी, उशी, धीर. मी पण देणाऱ्यांतलीच. त्या दिवसापासून आत्या मिक्सरपाशी आली की काका डावा हात पुढे करून बसायचे. जेवण मात्र अजूनही दोन चमच्यांच्या पुढे जात नव्हतं, आणि नळी घालायची डॉक्टरांनी दिलेली तारीख जवळ येत होती.

त्या तारखेच्या आधीची ती सुट्टी. आत्या गाजर वाटत होती. गुठळी राहिलीय का हे बघायला ती नेहमी बोट वापरायची. “चमच्याला कळत नाही, बोटाला कळतं,” हा तिचा आणखी एक कायदा, आणि तिच्या सगळ्या कायद्यांमधला हा एकच धोक्याचा. यंत्र थांबवून, प्लग काकांकडे देऊन, तिनं भांड्यात बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं, आणखी एक फिरका लागेल म्हणाली, झाकण लावलं आणि हात पुढे केला.

काका प्लग देईनात.

“द्या.”

काकांनी मूठ छातीशी नेली.

“अहो, द्या ना. अजून भात वाटायचाय.”

काकांनी मान हलवली. आत्याचा राग नाकावरच असतो. “आता हे काय नवीन? खायचं पण नाही आणि करू पण द्यायचं नाही? काय हवंय तरी काय तुम्हाला? माझा जीव गेलेला बघायचाय का?” तिनं वायर ओढली. काकांनी तो वेढा इतका घट्ट धरला की वायर तळव्यात रुतली. त्यांच्या घशातून कसलातरी आवाज निघाला. ज्या गळ्यानं अख्खा स्टँड हलायचा त्यातून तेवढाच निघाला. ते डोळे मोठे करून आत्याच्या हाताकडे बघत होते.

मग मलाही दिसलं. झाकणावर लाल ठसा होता. टेबलावर थेंब होते. आत्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक चिरलेलं होतं, रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

“आत्या, बोट!” मी ओरडले.

तिनं बोटाकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचं असावं तसं पाहिलं. मी नळाखाली तिचा हात धरला, फडकं गुंडाळून दाबलं. पाणी जखमेवर पडलं तरी तिनं हात मागे घेतला नाही, चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पातं थांबलेलं असलं तरी पात्याची धार जागीच असते. हे ती दुसऱ्यांना हजारदा सांगत आली होती. फिरत्या पात्यापासून तिला प्लगनं वाचवलं असतं. ह्या चिरेपासून तिच्या बोटानंच वाचवायला हवं होतं, आणि बोट मुकं झालं होतं.

“कधीपासून?” मी विचारलं.

ती स्टुलावर बसली. तिला साखरेचा त्रास होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोटांची टोकं बधिर होत चाललीत हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. ना मला, ना डॉक्टरांना, ना आश्रमात. “सांगितलं असतं तर ओट्यावरून काढलं असतं मला,” ती म्हणाली. “आणि काढायलाच हवं होतं.” रक्त पडलेलं ते गाजर मी फेकायला उचललं तर म्हणाली, “थांब. आधी बघ. गुठळ्या आहेत का त्यात?”

मी कडेचं थोडं घेऊन चिमटीत चोळलं. वरून ते लोण्यासारखं दिसत होतं. बोटांना मात्र बारीक बारीक कण लागत होते, आणि एक तर चांगला तुरीच्या दाण्याएवढा तुकडा होता. तिला माझ्या तोंडावरूनच कळलं.

“म्हणजे यांना रोज...” असं म्हणत ती खुर्चीपाशी गेली, खाली बसली, आणि काकांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, “अहो, घशात अडकत होतं का हो?”

काकांनी मान खाली केली. हो.

“म्हणून खात नव्हता?”

पुन्हा हो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

ते रुसले नव्हते. ते घाबरले होते. ठसका लागला की जीव जातो की राहतो असं व्हायचं, आणि सांगायला शब्द नव्हता, लिहायला उजवा हात नव्हता. ज्या बायकोनं इतक्या परक्या माणसांना एकही गुठळी न ठेवता भरवलं तिच्या जेवणात गुठळी आहे, हे त्यांनी कळवायचं तरी कसं आणि कुणाला? त्यांनी तोंड मिटलं. तेवढंच त्यांच्या हातात होतं. आत्या त्यांच्या मांडीवर डोकं टेकवून रडली. मी तिला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी खिडकीकडे तोंड केलं आणि रिकामं भांडं उगीच विसळत राहिले.

दुसऱ्या दिवशी आत्यानं आश्रमात जाऊन सांगून टाकलं. वरच्यांनी तिला पातळ जेवणाच्या ओट्यावरून काढून वाढण्याच्या कामावर ठेवलं. ती म्हणाली, बरोबर केलं. तिच्या जागी आलेल्या बाईला तिनं बाकी काही शिकवलं नाही, फक्त आपला खिशाचा ॲप्रन दिला.

घरी मात्र वाटायचं काम तिनं कुणाला करू दिलं नाही. मी करते म्हटलं तर, “तुझ्या हातचं ते खाणार नाहीत, आणि खाल्लं तर मला झोप लागणार नाही,” असं म्हणाली. भांडणात तिच्यापुढे माझं काय चालणार? पण तिनं आपले कायदे बदलले. भांड्यात बोट घालणं बंद. कडेचं ओढायला रबरी उलथनं, पातं धरायला जाड हातमोजा, धुवायला लांब दांड्याचा ब्रश. वाटून झालं की बारीक गाळणीतून काढायचं. आणि मग शेवटची तपासणी काकांची. थोडंसं काकांच्या डाव्या हाताच्या बोटांवर ठेवायची, काका अंगठ्यानं चोळून बघायचे. मान डोलली तर वाढायचं. नाही डोलली तर पुन्हा मिक्सर. काकांची बोटं तिच्याहून कडक निघाली. एकदा पालक त्यांनी तीनदा परत पाठवला. “तुम्ही स्टँडवर गाड्या सोडायचा तेव्हा एवढं बघत नव्हतात,” आत्या म्हणाली, आणि काकांच्या चेहऱ्याची चालणारी डावी बाजू हसली.

त्या दिवसांत ते जेवायला लागले. आधी अर्धी वाटी, मग वाटीभर. डॉक्टरांनी नळीचं नाव काढणं सोडलं. सदरा पुन्हा खांद्यांवर बसला असं मी म्हणणार नाही, पण लोंबायचा थांबला.

आणखी एक पायंडा पडला आणि तो काकांनीच पाडला. प्लग परत द्यायच्या आधी ते आत्याचे हात बघायचे. ती भांड्याचं आवरून खुर्चीसमोर आली, की हातमोजा काढून दोन्ही पंजे त्यांच्यापुढे धरायची. आधी तळवे, मग उलटे करून. काका एकेक बोट बघायचे. कधी कधी आपल्या डाव्या हाताचं मधलं बोट तिच्या बोटांच्या टोकांवरून हळूच फिरवायचे, कारण तिला कळत नाही ते त्यांना कळायला हवं. कुठं ओरखडा नाही अशी खात्री झाली की वायरीचा वेढा सोडून प्लग तिच्या हातात. एका जेवणासाठी हे तीन-चारदा तरी व्हायचं. मी दाढीचं सामान आवरता आवरता बघत असायची. लग्नाला इतकी वर्षं झालेली ती दोघं, आणि एकमेकांचे हात इतके नीट त्यांनी आयुष्यात पाहिले नसतील. मला दरवेळी भरून यायचं आणि ते लपवायला मी काहीतरी टोचून बोलायची. “चला, आटपा लवकर, प्रवासी खोळंबलेत,” असं काहीतरी.

असं बरंच चाललं. डॉक्टरांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त चाललं.

मग एक सकाळ आली. त्या सकाळी मी तिथं नव्हते. आत्यानं मला ते एकदाच सांगितलं आणि नंतर त्याबद्दल बोलली नाही. मी जसं ऐकलं तसं सांगते.

काकांना रात्री चांगली झोप लागली होती. सकाळी त्यांना तोंड धुऊन, केस विंचरून तिनं खुर्चीत बसवलं आणि खुर्ची दारात आणली. ऊन आत आलं होतं. ती बटाटा आणि गाजर वाटत होती, वेगवेगळे. गाजर आधी केलं आणि काकांनी बोटांवर चोळून मान डोलावली. मग बटाटा. यंत्र थांबवलं, प्लग उपसून काकांच्या हातात दिला, त्यांनी नेहमीसारखा वायरीचा वेढा तळव्याभोवती घेतला. तिनं त्यांच्याकडे पाठ करून भांडं उजेडाकडे नेलं, कडेचं सावकाश खाली ओढलं. बटाटा चिकट, त्याला वेळ लागतो. काहीतरी बोलतही होती. शेजारणीबद्दल होतं की नळाच्या पाण्याबद्दल, ते तिला नंतर आठवलं नाही. भांडं बसवलं, झाकण दाबून बघितलं. हातमोजा काढला. वळली आणि दोन्ही पंजे त्यांच्यापुढे धरले. आधी तळवे, मग उलटे करून.

काकांची मान जरा पुढे झुकलेली होती, हात बघताना असायची तशीच. प्लग मुठीत होता.

“बघितलं ना? द्या आता,” ती म्हणाली.

त्यांनी दिला नाही. तिनं वायर हलकेच ओढून पाहिली. वेढा तळव्याभोवती तसाच होता, सुटला नाही; हात मात्र वायरीबरोबर सैलसा पुढे आला.

तिला वाटलं, आज पुन्हा कुठंतरी चिरलं. आपल्याला कळलं नाही आणि यांना दिसलं. ती घाबरली. तिनं एकेक बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, अंगठेही पाहिले, मनगटापर्यंत पाहिलं. काही दिसेना. मग ती दारातून बाहेर उन्हात गेली आणि तिथं उभी राहून तिनं दोन्ही हात पुन्हा, नीट, उलटसुलट करून पाहिले. कुठंही रक्त नव्हतं.